उभ्या गाडीची बॅटरी उतरते: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी गाडी चार दिवस हलवली नाही की बॅटरी उतरते, धक्का मारून किंवा केबल लावून ती चालू करावी लागते आणि 'नवी बॅटरी टाका' हा सल्ला हमखास मिळतो. नवी बॅटरीही महिन्याभरात तशीच उतरली की प्रश्न यायला लागतात. त्यातले सारखे येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. उत्तरं १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी असलेल्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांसाठी आहेत. घाईत असाल तर प्रश्न १, ३ आणि ६ वाचा.

१. दोन-तीन दिवस गाडी उभी राहिली की सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) नुसता 'कट-कट' करतो. करंट गळतोय की बॅटरीच गेली?

पाना हातात घ्यायच्या आधी हे ठरवायला हवं, कारण तीन वेगळ्या दुखण्यांचं लक्षण एकच दिसतं. एक, बॅटरी चार्ज धरत नाही. दोन, अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) ती पुरती भरत नाही. तीन, बंद गाडीतलं काहीतरी गुपचूप करंट खातंय.

चार्जर लावून बॅटरी पूर्ण भरा. चार्जर काढल्यावर काही तास जाऊ द्या आणि व्होल्ट मोजून लिहून ठेवा. मग मायनस टर्मिनल काढा आणि एरवी जितक्या दिवसांत ती उतरते तितके दिवस तशीच राहू द्या. पुन्हा मोजल्यावर व्होल्ट बरेच पडलेले दिसले, तर दोष बॅटरीत आहे. गाडीचा काही संबंध नाही. व्होल्ट जवळपास तेवढेच राहिले, पण टर्मिनल जोडलेलं असताना मात्र पडतात, तर गळती गाडीत आहे. रोज लांब पल्ल्याला चालवूनही बॅटरी अर्धवटच भरलेली असेल, तर प्रश्न ४ कडे जा.

या चाचणीला काही दिवस लागतात म्हणून बहुतेक जण ती टाळतात आणि थेट फ्यूज उपसायला बसतात. माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ वाचतो तो इथेच.

२. थोडा करंट तर प्रत्येक गाडी खातेच ना? मग गळती कशाला म्हणायचं?

खातेच. घड्याळ, स्टिरिओची मेमरी, इंजिनाचा कंट्रोलर, अलार्म, रिमोटच्या सिग्नलची वाट पाहणारं सेंट्रल लॉकिंग हे सगळं चावी काढल्यावरही थोडं जागं असतं. अशा गाडीत २० ते ५० मिलिअँपिअर सर्वसाधारण धरतात. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाडीत फक्त घड्याळ आणि रेडिओ असेल, तर आकडा त्याहूनही खाली हवा. आणि ज्या गाडीत घड्याळसुद्धा नाही तिथे शून्याच्या आसपास. त्यामुळे '५० पर्यंत चालतं' हा नियम डोळे मिटून लावू नका. ज्या गाडीत करंट खायला काही नाहीच, तिथे ४० मिलिअँपिअर दिसले तर ते कोण खातंय हे शोधायलाच हवं.

३. माझ्या मीटरवर १२० मिलिअँपिअर दिसतात. एवढ्याने बॅटरी दोन दिवसांत उतरेल का?

नाही. आणि हा हिशोब प्रत्येकाने एकदा तरी कागदावर करावा.

समजा बॅटरी ४५ अँपिअर-तासांची आहे. ती निम्मी रिकामी झाली की गाडी सुरू होईल याची खात्री राहत नाही, म्हणून वापरायला धरा २२ अँपिअर-तास. १२० मिलिअँपिअर म्हणजे ०.१२ अँपिअर, गुणिले २४ तास, म्हणजे दिवसाला जवळपास २.९ अँपिअर-तास. २२ ला त्याने भागलं की सात-आठ दिवस येतात.

याच पद्धतीने ३० मिलिअँपिअरला महिनाभर लागतो. डिकीतला ५ वॅटचा दिवा सुमारे ०.४ अँपिअर घेतो, तो दोन दिवसांत काम उरकतो. दोन ब्रेक लाइट चालू राहिले, प्रत्येकी २१ वॅटचे, तर साडेतीन अँपिअर. सहा-सात तासांत खेळ खलास.

तुमची बॅटरी दोन दिवसांत उतरते आणि मीटर १२० दाखवतो, म्हणजे हिशोब जुळत नाही. मग दोनच शक्यता उरतात. बॅटरीची खरी क्षमता लेबलवरच्या आकड्याच्या पाव भागावर आली असेल, किंवा तुम्ही मोजलं त्या वेळी खरा चोर झोपलेला होता (प्रश्न १५). असेल ती गळती दुरुस्त कराच, पण तेवढ्यावर शोध थांबवू नका. 'एक दोष सापडला' आणि 'तोच दोष होता' या दोन गोष्टींत फरक आहे, आणि तो फक्त हा हिशोब दाखवतो.

४. बॅटरी आणि अल्टरनेटर ठीक आहेत हे साध्या मीटरवर कळतं का?

बऱ्यापैकी कळतं. गाडी रात्रभर बंद राहिल्यावर बॅटरीच्या दोन टोकांवर १२.६ ते १२.७ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी आणि १२ म्हणजे जेमतेम पाव. गाडी नुकतीच बंद केलेली असताना मोजू नका. तेव्हा वरवरच्या चार्जमुळे आकडा फुगलेला असतो.

सेल मारताना, म्हणजे सेल्फने इंजिन फिरवताना, व्होल्ट ९.६ च्या खाली जाऊ नयेत. भरलेली बॅटरी सेल मारल्यावर ८ वर येत असेल, तर गळती शोधण्याआधी तिची लोड टेस्ट (मोठा भार टाकून केलेली तपासणी) करून घ्या.

इंजिन सुरू असताना १३.८ ते १४.७ च्या दरम्यान आकडा हवा, हेडलाइट आणि पंखा लावल्यावरसुद्धा. १३ च्या खाली अडकला तर बेल्ट, अल्टरनेटरच्या जोडण्या आणि रेग्युलेटर (त्याचं व्होल्टेज ताब्यात ठेवणारा भाग) पाहा. रोज पाच मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत हे सगळं ठीक असूनही बॅटरी भुकेली राहते, कारण सेल मारताना गेलेला चार्ज भरून यायच्या आत गाडी परत बंद होते. त्याला गळती म्हणत नाहीत.

५. कोणता मीटर घेऊ? क्लॅम्प मीटर चांगला का?

१० अँपिअरचं वेगळं सॉकेट असलेला कोणताही साधा डिजिटल मल्टीमीटर पुरतो. क्लॅम्प मीटर वायरीभोवती चिमट्यासारखा बसतो, त्यामुळे काही सोडवावं लागत नाही ही खरी सोय, पण तो डीसी करंट मोजणारा आणि १० मिलिअँपिअरइतका बारीक आकडा दाखवणारा हवा. घरगुती वायरिंगसाठीचे बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात. ते इथे कुचकामी. शिवाय डीसी क्लॅम्पचं शून्य सरकत राहतं, म्हणून प्रत्येक वेळी वायरीपासून लांब धरून तो शून्यावर आणावा लागतो. अल्टरनेटर किंवा सेल्फच्या जाड केबलवर झटपट नजर टाकायला मात्र त्याच्यासारखं दुसरं काही नाही.

६. मीटर नेमका जोडायचा कसा? दर वेळी मीटरचा फ्यूज उडतो.

फ्यूज उडण्याची कारणं ठरलेली आहेत: लाल वायर मिलिअँपिअरच्या सॉकेटात होती, मीटर जोडलेला असताना कोणी चावी फिरवली, किंवा करंटच्या खुणेवर असलेला मीटर प्लस-मायनसला आडवा लावला. शेवटच्या प्रकारात मीटर सरळ शॉर्ट होतो.

तयारी अशी करा. अंगठी आणि धातूचं घड्याळ काढून ठेवा. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन पेट घेतो, म्हणून नुकती चार्ज केलेली बॅटरी थोडी हवा खाऊ द्या. स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा. चावी काढा आणि रिमोट गाडीपासून लांब न्या. ड्रायव्हरच्या दाराची काच खाली ठेवा, म्हणजे लॉक पडलं तरी हात आत जाईल. दार उघडं ठेवावं लागणार असेल, तर त्याच्या कडेच्या लॅचमध्ये स्क्रू ड्रायव्हर दाबून 'टक-टक' असे दोन टप्पे बसवा. गाडीला दार बंद झाल्यासारखं वाटतं. (नंतर दार लावण्याआधी हँडल ओढून लॅच सोडवायला विसरू नका, नाहीतर ते लॅचवर आपटेल.) जुन्या गाडीत दाराच्या चौकटीत दाबाचं बटण असेल तर ते चिकटपट्टीने दाबून ठेवा. बॉनेटखाली दिवा असेल तर तोही.

आता मीटर. काळा प्रोब COM लिहिलेल्या सॉकेटात, लाल १० अँपिअरच्या, आणि चकती डीसी अँपिअरवर. मगरीच्या तोंडाचे क्लिप असतील तर काळा क्लिप बॅटरीच्या मायनस पोस्टला आणि लाल मायनस केबलला लावा. दोन्ही घट्ट बसल्यावर मायनस टर्मिनलचा नट सैल करून केबल अलगद वर उचला. असं केलं की सगळा करंट मीटरमधून जातो आणि मध्ये एक क्षणही तुटत नाही. काम मायनसवरच करायचं, कारण तिथे पाना बॉडीला टेकला तरी काही होत नाही. प्लसवर टेकला तर पाना वितळेपर्यंत ठिणग्या पडतात.

आणखी एक युक्ती: दोन्ही टोकांना क्लिप असलेला जाड वायरीचा एक तुकडा मीटरला समांतर लावून ठेवा. दार उघडायचं, काही हलवायचं, तेव्हा करंट त्या तुकड्यातून जातो आणि मीटर सुरक्षित राहतो. आकडा वाचायचा तेव्हाच तो तुकडा काढा. तो लावलेला असला तरी सेल मात्र मारायचा नाही.

७. जोडल्या जोडल्या दोन-तीन अँपिअर दिसतात. हीच गळती का?

एवढ्यात नाही. करंट तुटून पुन्हा आला की कंट्रोलर, अलार्म आणि सेंट्रल लॉकिंग जागे होतात आणि पुन्हा झोपी जायला वेळ घेतात. साध्या जुन्या गाडीत काही मिनिटं पुरतात, थोड्या नंतरच्या गाड्यांना अर्धा ते एक तासही लागतो. आकडा पायऱ्या उतरल्यासारखा खाली येतो. तो स्थिर होईपर्यंत गाडीला हात लावू नका. एक दार उघडलं की सगळं पहिल्यापासून.

८. मीटर अगदी शून्य दाखवतो. म्हणजे गळती नाही?

आधी मीटरवर संशय घ्या. मीटर जोडलेल्या अवस्थेत डिकीचा दिवा लावून पाहा. आकडा हलला नाही तर मीटरचा आतला फ्यूज उडालेला आहे किंवा केबल अजून पोस्टला टेकते आहे.

९. फ्यूज काढून शोधायची पद्धत कशी?

आकडा स्थिर झाल्यावर एकेक फ्यूज ओढायचा आणि मीटरकडे पाहायचं. कोणीतरी मीटरजवळ उभं राहून आकडे मोठ्याने वाचत असेल तर काम निम्मं होतं. आकडा जिथे झपकन पडला ते सर्किट.

इथे दोन पथ्यं. ओढलेला फ्यूज लगेच परत लावू नका; लावला की त्यावरचं यंत्र जागं होतं आणि आकडा पुन्हा चढतो. जिथून काढला त्या जागेचा फोटो घ्या आणि शोध संपेपर्यंत फ्यूज बाहेरच ठेवा. दुसरं, गाडीत फ्यूजची पेटी एकच आहे असं धरून चालू नका. डॅशबोर्डखाली एक, बॉनेटखाली एक, आणि कधी बॅटरीच्या प्लसवरच जाड पट्ट्यांचे मुख्य फ्यूज असतात.

१०. फ्यूज न काढता शोधता येतं का? काढला की गाडी जागी होते.

येतं, आणि गुंतागुंतीच्या गाडीत हीच पद्धत चांगली. फ्यूजमधून करंट वाहत असेल तर त्याच्या दोन टोकांमध्ये अगदी किंचित व्होल्टेज पडतं. पात्याच्या फ्यूजच्या पाठीवर दोन उघडे ठिपके असतात, मीटर मिलिव्होल्टवर ठेवून त्यांना प्रोब टेकवायचे. ०.० दिसलं तर पुढे चला. १० अँपिअरच्या फ्यूजचा रोध साधारण ७ ते ८ मिलिओहम असतो, म्हणून १ मिलिव्होल्ट म्हणजे अंदाजे १३० मिलिअँपिअर. २० अँपिअरच्या फ्यूजचा रोध त्याच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे तोच १ मिलिव्होल्ट तिथे ३०० च्या आसपास करंट सांगतो. मीटर ०.१ मिलिव्होल्ट दाखवणारा हवा.

खूप जुन्या गाडीतल्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या फ्यूजना हा हिशोब लागू नाही. त्यांच्या टोकांना गंज असतो आणि आकडा काहीही येतो. तिथे प्रश्न ९ चीच पद्धत बरी.

११. फ्यूज सापडला, पण त्याच्यावर घड्याळ, आतला दिवा, स्टिरिओ, डिकी असं सगळंच आहे. आता?

तो फ्यूज परत लावा, आकडा स्थिर होऊ द्या आणि त्यावरची एकेक वस्तू तिच्या कनेक्टरपाशी सोडवा. वायरिंगचा नकाशा मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर हाताला सहज लागणाऱ्या वस्तूंपासून सुरुवात करा: आधी दिवे, मग स्टिरिओ, मग लॉकिंग. सगळं सोडवूनही आकडा हलला नाही, तर वायरच कुठेतरी सोलवटून बॉडीला लागतेय. दाराच्या बिजागरीजवळच्या रबरी नळीत आणि डिकीच्या झाकणाजवळ वायरी वर्षानुवर्षं वाकून तिथेच तुटतात.

१२. सगळे फ्यूज काढले तरी गळती तशीच आहे!

मग ती फ्यूजच्या आधी आहे. अल्टरनेटरची जाड वायर, सेल्फची केबल, इग्निशन स्विचकडे जाणारी वायर (बऱ्याच जुन्या गाड्यांत तिला फ्यूजच नसतो) आणि बॅटरीवर थेट लावलेल्या नंतरच्या वायरी. शेवटच्या प्रकाराकडे आधी पाहा. प्लस टर्मिनलवर कंपनीने न दिलेली प्रत्येक बारीक वायर कुठे जाते ते हाताने चाचपत शोधा. हॉर्न, फॉग लॅम्प, ॲम्प्लिफायर, ट्रॅकर असं काही ना काही टोकाला सापडतंच.

१३. अल्टरनेटर बंद गाडीत करंट कसा खाईल?

त्याच्या आत डायोड असतात आणि ते करंटला एकाच दिशेने जाऊ देतात. एखादा शॉर्ट झाला किंवा गळू लागला की बॅटरीतला करंट उलटा आत शिरतो. खुणा: गाडी कित्येक तास बंद असूनही अल्टरनेटर हाताला कोमट लागतो, किंवा चावी काढल्यावरही डॅशबोर्डवरचा बॅटरीचा दिवा मंद तेवत राहतो.

पक्कं करायला बॅटरीचा मायनस काढा, अल्टरनेटरच्या मागची जाड वायर सोडवा, तिच्या टोकाला नीट इन्सुलेशन गुंडाळा आणि मायनसवर पुन्हा मोजा. आकडा पडला तर निकाल लागला. ही वायर सुटी असताना इंजिन चालू करू नका.

इंजिन सुरू ठेवून बॅटरीवर एसी व्होल्टही मोजतात. हेडलाइट लावून अर्ध्या व्होल्टच्या वर दिसलं तर डायोडवर संशय. मात्र काही स्वस्त मीटर एसीच्या खुणेवरही डीसी मोजून पंचवीस-तीस असा भलताच आकडा दाखवतात, आणि प्रोब उलटे धरले की शून्य. तसा मीटर असेल तर ही चाचणी सोडून द्या.

१४. जुन्या गाडीत नेहमीचे गुन्हेगार कोण?

पहिला नंबर नंतर बसवलेल्या वस्तूंचा, आणि त्यात स्टिरिओचा. बहुतेक स्टिरिओला पिवळी वायर कायमच्या करंटसाठी आणि लाल वायर चावीबरोबर येणाऱ्या करंटसाठी असते. बसवणारा घाईत दोन्ही एकत्र पिळून कायमच्या करंटवर टाकतो. पडदा काळा दिसतो, पण आतला भाग जागाच असतो. ॲम्प्लिफायरच्या 'रिमोट' वायरचंही तेच. तपासायला स्टिरिओचं मागचं कनेक्टर काढून मीटर बघा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा, न विझणारे दिवे. ग्लव्ह बॉक्समधला दिवा बंद होतो की नाही हे पाहायला फोनचं व्हिडिओ रेकॉर्डिंग चालू करून फोन आत ठेवा आणि झाकण लावा. डिकीलाही हीच युक्ती. सन वायझरच्या आरशाचा दिवा सगळेच विसरतात.

तिसरा ब्रेक लाइटचा स्विच, आणि तो फार फसवा. ब्रेकच्या पेडलच्या दांड्यावर रबराचं किंवा प्लॅस्टिकचं एक बटणाएवढं बूच असतं. पाय काढला की ते स्विचची पिन आत दाबून धरतं आणि दिवे विझतात. वयानुसार ते बूच भुगा होऊन पडतं. मग पिन त्याच्याच भोकातून आरपार जाते आणि दिवे चालूच राहतात. पेडलखालच्या चटईवर प्लॅस्टिकचे तुकडे दिसले, तर मीटर आणायचीही गरज नाही.

बाकीचे पटापट: चिकटलेला रिले, म्हणजे विजेने चालू-बंद होणारा स्विच (बंद गाडीत हाताला गरम लागतो), वर-खाली होणाऱ्या अँटेनाची मोटर, झिजलेला इग्निशन स्विच, ज्यातून चावी अर्धवट फिरलेली असतानाच निघून येते, आणि सॉकेटात राहिलेला चार्जर. गाडी बंद केल्यावर रेडिएटरचा पंखा काही मिनिटं फिरणं मात्र काही गाड्यांत नेहमीचंच आहे, ते गळतीत धरू नका.

१५. मोजलं तेव्हा ३० मिलिअँपिअर, तरीही आठवड्यातून एकदा बॅटरी सपाट. कसं पकडायचं?

हा सगळ्यात चिवट प्रकार. दोष अधूनमधून जागा होतो आणि तुम्ही मोजता तेव्हा साळसूद असतो.

पहिल्यांदा मोजण्याची वेळ बदला. थंड गाडीत ठीक असलेला रिले गरम झाल्यावर चिकटतो, म्हणून तासभर चालवून आल्या आल्या मीटर जोडा. ज्या मीटरला कमाल-किमान नोंदवायची सोय आहे तो रात्रभर लावून ठेवता येतो. त्याची आपोआप बंद व्हायची सवय आधी मोडा. सकाळी कमाल आकड्यात २ अँपिअर दिसले, तर रात्री काहीतरी उठलं होतं. जोडतानाचा सुरुवातीचा झटका मोजला जाऊ नये म्हणून नोंद आकडा स्थिर झाल्यावरच सुरू करा.

असा मीटर नसेल तर फ्यूजची वाटणी करा. ज्यांच्याशिवाय गाडी सुरू होते त्यांतले निम्मे रात्री काढून ठेवा, सकाळी लावा. ज्या रात्री बॅटरी उतरली त्या रात्री आत राहिलेल्या फ्यूजमध्ये चोर आहे. मग त्यांचे निम्मे. वेळ जातो, पण अंदाजाने रिले बदलत बसण्यापेक्षा स्वस्त पडतं. कोणत्या दिवशी काय वापरलं याची वहीही ठेवा: मागची दारं उघडली होती का, डिकी जोरात आपटली होती का. गळती बरेचदा अशा एखाद्या सवयीला बांधलेली निघते.

१६. पाऊस पडला किंवा गाडी धुतली की मगच बॅटरी उतरते.

पाणी कनेक्टरमध्ये किंवा फ्यूजच्या पेटीत शिरतंय. विंडस्क्रीनखालची गटारं आणि सनरूफच्या नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी डॅशबोर्डच्या मागे उतरतं. चटया उचलून पुढची जमीन दाबून पाहा. तांब्यावर हिरवा-पांढरा थर दिसेल तिथेच थांबा आणि ते कनेक्टर साफ करा. कोरड्या दिवशी कितीही मोजलं तरी हा दोष हाती लागणार नाही. मीटर ओल्या गाडीला लावा.

१७. बॅटरीच्या वरच्या घाणीतून करंट जातो म्हणतात. खरं का?

खरं, पण त्याला भलतंच महत्त्व दिलं जातं. ॲसिडच्या वाफेने ओली झालेली धूळ थोडा करंट वाहून नेते. मीटर व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब मायनस पोस्टला आणि लाल प्रोब बॅटरीच्या प्लॅस्टिकच्या पाठीवर फिरवा. आकडा दिसला तर खाण्याच्या सोड्याचं पाणी लावून पुसून घ्या. ते पाणी झाकणांतून सेलमध्ये जाऊ देऊ नका. दोन दिवसांत उतरणाऱ्या बॅटरीचं कारण एवढंच असेल, असं सहसा होत नाही.

१८. आमचे मेकॅनिक टर्मिनल टेकवून ठिणगी बघतात किंवा मध्ये बल्ब लावतात. चालेल?

ठिणगीवरून काही ठरवू नका. निरोगी गाडीतही कपॅसिटर भरताना ठिणगी उडते, आणि बॅटरीजवळ ती नकोच. मायनसच्या मध्ये १२ व्होल्टचा छोटा बल्ब लावणं ही जुनी आणि प्रामाणिक पद्धत आहे. तो लख्ख पेटला तर मोठी गळती नक्की, आणि करंटला आपोआप मर्यादाही बसते. पण बल्ब विझलेला आहे म्हणजे गळती नाही, असं म्हणता येत नाही. शे-दीडशे मिलिअँपिअरला तो बहुधा तेवतही नाही.

१९. इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून अल्टरनेटर तपासायला सांगतात.

करू नका. बॅटरी अचानक निघाली की अल्टरनेटरचं व्होल्टेज क्षणभर उसळतं आणि त्यात डायोड, रेग्युलेटर, कंट्रोलर काहीही जळू शकतं. प्रश्न ४ मधली व्होल्ट मोजायची चाचणी तेच सांगते, नुकसान न करता.

२०. माझी बॅटरी रात्रीत नाही, तासाभरात संपते.

मग मिलिअँपिअरच्या मीटरचं हे काम नाही. दहा-वीस अँपिअर किंवा जास्त जात आहेत. १० अँपिअरचं सॉकेट लावलंत तर फ्यूज उडेल. मायनस लगेच काढून ठेवा, कारण एवढ्या करंटने वायर तापते आणि आग लागू शकते. डिझेल गाडीत ग्लो प्लगचा (थंड इंजिन तापवणाऱ्या प्लगचा) रिले चिकटलेला असतो का ते आधी बघा. अल्टरनेटरऐवजी डायनॅमो असलेल्या जुन्या गाडीत कटआउटचे (डायनॅमो बॅटरीपासून तोडणाऱ्या स्विचचे) पॉइंट चिकटतात आणि बॅटरी डायनॅमोलाच मोटर समजून करंट पाठवत बसते. दुरुस्ती होईपर्यंत गाडी उभी करताना दर वेळी मायनस काढा.

२१. गाडी दोन महिने उभी राहणार आहे. गळती शोधत न बसता मायनस काढून ठेवला तर?

दोन महिन्यांसाठी अगदी योग्य. लेड-ॲसिड बॅटरी नुसती ठेवली तरी महिन्याला थोडी उतरते आणि उन्हाळ्यात जास्त, त्यामुळे ठेवताना ती पूर्ण भरलेली हवी. चार्ज टिकवणारा फ्लोट चार्जर लावता आला तर आणखी चांगलं. साधा चार्जर महिनाभर लावून ठेवू नका. मायनसवर बसवायचा कटऑफ स्विचही मिळतो, फक्त इंजिन चालू असताना त्याला हात लावायचा नाही (प्रश्न १९). रोजच्या गाडीत मात्र हा कायमचा उपाय समजू नका. ज्या गळतीचं कारण माहीत नाही, तिच्यामागे कधी कधी सोललेली वायर असते.

२२. माझ्या गाडीत बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला आहे. ही चूक आहे का?

चूक नाही. काही खूप जुन्या गाड्या प्लस अर्थच्या असतात. वरच्या सगळ्या उत्तरांत 'मायनस टर्मिनल' लिहिलंय तिथे 'बॉडीला जोडलेलं टर्मिनल' असं वाचा. तुमच्यासाठी ते प्लस आहे, आणि आधी तेच काढायचं. मीटरवर आकड्यापुढे वजाचं चिन्ह आलं तर दुर्लक्ष करा. अशा गाडीत आजकालचा स्टिरिओ किंवा चार्जर थेट बसवू नका, कारण त्यांची बॉडी मायनसला जोडलेली असते.

२३. गळती सापडली, दुरुस्त झाली, मीटर २० दाखवतो. तरी चौथ्या दिवशी सेल मारताना जीव जातो.

प्रश्न ३ चा हिशोब पुन्हा मांडा. २० मिलिअँपिअर चार दिवसांत २ अँपिअर-तासही खात नाहीत. म्हणजे आता गाडी निर्दोष आहे आणि बॅटरी दोषी. गळतीमुळे ती वारंवार पूर्ण रिकामी झाली आणि प्रत्येक वेळी तिच्या प्लेटांवर सल्फेटचा थर घट्ट बसत गेला. हळू चार्जरवर एक-दोनदा पूर्ण भरून लोड टेस्ट करा. पास झाली तर वापरा, नाही झाली तर बदला.